शरणम्माची गार करंडी

सोलापुरात नव्या पेठेत डॉक्टर कुमठेकरांची रक्त-लघवी तपासायची लॅबोरेटरी होती. पाटीवर डॉक्टरांचं नाव, त्याखाली दोन पदव्या, त्याखाली वेळ. रिपोर्टवर सही डॉक्टरांची, शिक्काही डॉक्टरांचाच. आतलं काम मात्र बहुतेक सगळं शरणम्मा करायची. हे पाटी वाचणाऱ्याला कळायचं काही कारण नव्हतं, आणि शरणम्मालाही त्याचं विशेष काही वाटत नसे. निदान ती तसं म्हणायची.

शरणम्मा वळसंगची. वडील सिद्धलिंगप्पा पानमळेवाले. कानडी शाळेत चार यत्ता झाल्या, चौदाव्या वर्षी बाळीवेशीत लग्न झालं आणि बाविसाव्या वर्षी नवरा विषमज्वरानं गेला. मूलबाळ नाही. दिराच्या घरात राहायचं म्हणजे दिवसभर जावेच्या, नीलम्माच्या, डोळ्यांपुढे राहायचं, आणि ते दोघींपैकी एकीलाही सोसण्यासारखं नव्हतं. म्हणून १९५६ साली ती कुमठेकरांकडे बाटल्या धुवायला लागली. धुता धुता बाटल्यांवरची इंग्रजी अक्षरं ओळखायला शिकली. दोन वर्षांत रक्त काढायला लागली, पाच वर्षांत पेशी मोजायला. तिच्या हातची सुई कळत नाही अशी तिची ख्याती झाली. दंड सुजलेल्या म्हाताऱ्या दारातूनच विचारायच्या, “ती बाळीवेशीची बाई हाय का? नसंल तर उद्या येते.”

तिची दुसरी ख्याती म्हणजे करंडी. सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते सोलापूरकराला सांगायला नको आणि इतरांना सांगून पटत नाही. सकाळी आठला काढलेलं रक्त दुपारी बारापर्यंत फुटायचं, वरचं पिवळं सिरम तांबडं व्हायचं, आणि मग त्यावर कसली तपासणी करणार? डॉक्टर चडफडायचे. शरणम्मानं पहिल्याच उन्हाळ्यात वळसंगहून पानाची एक करंडी आणली. वेलीवरून खुडलेलं पान तिच्या वडलांच्या हातात आठ-आठ दिवस हिरवंगार राहायचं. करंडीला आतून ओलं गोणपाट, त्यात पानांचे थर, वरून ओलं फडकं, आणि सावलीला टांगून ठेवायचं. शरणम्मानं पानांच्या जागी काचेच्या नळ्यांचा स्टँड ठेवला आणि खाली तरटात गुंडाळलेला बर्फाचा तुकडा. रक्त फुटायचं थांबलं. डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला करंडी दाखवू लागले, “हा आमचा देशी फ्रीज!” पुढे खरा फ्रीज आला, पण तो लहान होता. त्यात रसायनं असायची आणि मोसमात डॉक्टरांचे आंबे. रक्त करंडीतच राहिलं.

बहात्तरच्या दुष्काळात वळसंगची विहीर आटली आणि पानमळा उभाच्या उभा वाळला. सिद्धलिंगप्पा त्यानंतर वर्षभरात गेले. मळ्याचं म्हणून जे उरलं ती एवढी करंडी. शरणम्मा दर उन्हाळ्यात तिचं गोणपाट बदलायची, बांबू तोच.

घरी गेल्यावर मागच्या दारी आंघोळ केल्याशिवाय नीलम्मा तिला आत घेत नसे. “कुनाकुनाचं रक्त हाताळून येतीस, आक्का,” असं म्हणून ती बादली पुढे सरकवायची. शरणम्मानं ह्यावर कधी वाद घातला नाही. सकाळी आंघोळ करून गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, पुन्हा डबीत ठेवायचं आणि कामाला निघायचं. दिवसभर मग त्या डबीला ती हात लावायची नाही. लॅबोरेटरीचे हात वेगळे आणि पूजेचे वेगळे, हा तिचा तिनंच घातलेला नियम होता.

१९७४ साली मुंबईहून शिकून आलेले बसवराज डॉक्टर सोलापुरात दवाखाना थाटून बसले, आणि त्यांनी कुमठेकरांच्या मागे एका नव्या तपासणीचा लकडा लावला. न्यूमोनियाचा एक वेगळा प्रकार असतो. रोग्याला ताप असतो, कोरडा खोकला असतो, पण माणूस हिंडत-फिरत असतो. पेनिसिलिन टोचून टोचून कंबर सुजते, ताप काही हलत नाही. एक्स-रे काढावा तर फुप्फुसावर डाग, आणि डाग म्हटला की सोलापुरात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, टीबी. ह्या प्रकाराच्या जंतूचं नाव मायकोप्लाझमा. तो आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाही, पण त्याची चाहूल रोग्याच्या रक्तात लागते. शरीर त्याच्याशी झुंजताना रक्तात एक द्रव्य तयार करतं. हे द्रव्य मोठं चमत्कारिक आहे. गारठ्यात ते तांबड्या पेशींना एकमेकींशी चिकटवतं आणि ऊब लागली की सोडून देतं. महिना-दीड महिन्यात ते रक्तातून विरूनही जातं.

कुमठेकरांनी एका रविवारी जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडून शरणम्माला रीत समजावली. रोग्याचं सिरम दुप्पट-दुप्पट पातळ करत ओळीनं दहा नळ्या भरायच्या. प्रत्येकीत ओ गटाच्या निरोगी रक्ताच्या धुतलेल्या पेशी घालायच्या. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी बघायचं, कितव्या नळीपर्यंत गुठळ्या झाल्या. चौसष्टपट पातळ करूनही गुठळ्या दिसल्या तर तोच न्यूमोनिया. त्याखाली एक ओळ होती: रक्त काढल्यापासून सिरम वेगळं करेपर्यंत ते अंगाएवढं उबदार ठेवावं, गार होऊ देऊ नये. डॉक्टर ती ओळ वाचून हसले.

“हे विलायतेतल्या थंडीसाठी लिहिलंय. तिथं नळी टेबलावर ठेवली तरी गारठते. आपल्याकडे उलटं. तुझी करंडी आहे तेच बरं.”

शरणम्मालाही ते पटलं. बाहेर पारा चाळिसाच्या पुढे, आणि हे पुस्तक म्हणतंय ऊब द्या! पुस्तक लिहिणारा सोलापुरात आला असता तर त्यानंही करंडीच मागितली असती, असं तिला वाटलं. तिचं स्वतःचं रक्त ओ गटाचं होतं. दर तपासणीच्या वेळी ती उजव्या हातानं डाव्या दंडातून स्वतःचं रक्त काढायची आणि त्याच्या पेशी धुऊन वापरायची. ही तपासणी तिला आवडू लागली होती. तिनं तिला नाव दिलं होतं थंडीची तपासणी.

वर्षभरात अकरा जणांचं रक्त आलं. आकडे आले चार, आठ, आठ, चार, सोळा. चौसष्ट एकदाही नाही. बसवराज डॉक्टर हळूहळू खट्टू झाले. सोलापुरात हा रोग नसावाच, असं एकदा ते फोनवर म्हणाले.

अकरावा होता हरिदास. मंद्रूपच्या येसूबाईचा एकुलता एक मुलगा. वडील लहानपणीच गेलेले. येसूबाईनं लोकांच्या रानात खुरपून त्याला सोलापूरच्या वसतिगृहात ठेवला आणि बी. ए. केला. पंचाहत्तरच्या मार्चमध्ये त्याला पाटबंधारे खात्यात कारकुनीचा हुकूम आला. तीस एप्रिलच्या आत डॉक्टरी तपासणी होऊन हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणं जाणार. आणि नेमका मार्चअखेर त्याला खोकला लागला. बेडक्यात टीबीचे जंतू तीनदा सापडले नाहीत. बसवराज डॉक्टरांनी आपल्या अंदाजानं टेट्रासायक्लिन दिलं आणि ताप उतरलाही. पण एक्स-रेवरचा डाग इतक्यात पुसला जाणार नव्हता. चार एप्रिलला शरणम्मानं त्याचं रक्त काढून करंडीत ठेवलं. पाचला रिपोर्ट गेला, आकडा आठ. नोकरीच्या तपासणीच्या साहेबांनी कागदपत्रं पाहिली आणि लिहिलं: टीबीचा संशय, तूर्त अपात्र. त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. समोर जे होतं त्यावरून कुणीही तेच लिहिलं असतं.

पंधरा एप्रिलला, मंगळवारी, बर्फवाला आलाच नाही. लग्नसराई होती आणि त्या दिवशीचा बर्फ मांडवातल्या सरबतात गेला होता. करंडी कोरडी राहिली. त्यातच साखर पेठेतल्या एका विणकराच्या बायकोचं रक्त थंडीच्या तपासणीसाठी आलं. उकाड्यात ते जरासं फुटलंच. शरणम्मानं कुरकुरत सिरम काढलं, नळ्या भरल्या, फ्रीजमध्ये ठेवल्या. बुधवारी सकाळी तिनं नळ्या हलवून बघितल्या. पहिल्या नळीत गुठळी, दुसरीत गुठळी, तिसरीत, चौथीत. आठव्या नळीपर्यंत गुठळ्याच गुठळ्या. दोनशे छप्पन!

दुसरी कुणी असती तर आनंदली असती. शरणम्मा स्टुलावर बसून राहिली. वर्षभर जे एकदाही आलं नाही ते आजच का यावं? रक्त काढणारा हात तोच, पेशी त्याच, फ्रीज तोच. फरक एवढाच होता की काल करंडी कोरडी होती. तिला पुस्तकातली ती ओळ आठवली: गार होऊ देऊ नये.

गुरुवारी ती स्वतः साखर पेठेत गेली आणि त्या बाईकडून अर्धं-अर्धं रक्त दोन नळ्यांत मागून आणलं. बर्फ आलेला होता. एक नळी करंडीत ठेवली, दुसरी कनवटीला खोचली आणि दोन तास तशीच काम करत राहिली. शुक्रवारी सकाळी बघितलं. कनवटीच्या नळीचा आकडा दोनशे छप्पन, करंडीतल्या नळीचा आठ. एकाच बाईचं रक्त, एकाच सुईनं काढलेलं. ते द्रव्य गारठ्यात त्या बाईच्याच पेशींना जाऊन चिकटत होतं आणि पेशींबरोबर तळाशी बसत होतं. वर जे सिरम राहायचं त्यात शोधायला काही उरतच नव्हतं. वर्षभर ती अकरा जणांचे रोग स्वतःच्या हातानं तळाशी बसवत आली होती आणि वरचं पाणी तपासून नाही म्हणून लिहीत होती.

तिनं डॉक्टरांना दोन्ही स्टँड दाखवले. कुमठेकर हुशार माणूस. अर्ध्या मिनिटात त्यांच्या सगळं लक्षात आलं. चष्मा काढून त्यांनी तो बराच वेळ पुसला.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “इथून पुढं ह्या तपासणीचं रक्त करंडीत ठेवायचं नाही. गेलेले रिपोर्ट गेले.”

“त्यो मंद्रूपचा पोरगा हाय की, डॉक्टर. हरिदास.”

“त्याला औषध मिळालंय. मरत नाही तो.”

“नोकरी जाईल की त्याची. धा-बारा दिवस राहिल्यात.”

“शरणम्मा, आपण रक्त तपासतो. नोकऱ्या तपासत नाही.”

ती हलली नाही. एकोणीस वर्षांत डॉक्टरांपुढे अशी ती पहिल्यांदाच उभी राहिली असेल. शेवटी तेच म्हणाले, “रविवार तुझा आहे. सुट्टीच्या दिवशी तू कुठं जातेस ते मी विचारत नाही.”

रविवारी ती पहिल्या एस.टी.नं मंद्रूपला गेली. येसूबाईचं घर विचारत बौद्धवस्तीत पोचली तेव्हा येसूबाई अंगणात भांडी घासत होती. एक ताटली आणि एक पेला तिनं बाजूला वेगळा ठेवलेला होता. टीबीचं नाव घरात आलं की पहिल्यांदा ताटली वेगळी होते, हे शरणम्माला ठाऊक होतं. तिनं ती बघितली आणि दुसरीकडे पाहिलं.

“बाई, तुमी हितं?” येसूबाई घाबरून उठली. “अजून काय निगालं का त्याच्या रक्तात?”

“निगालं न्हाय म्हनूनच आले,” शरणम्मा म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. करंडी, बर्फ, साखर पेठेतली बाई, काहीच लपवलं नाही. हरिदास उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. वाळला होता, पण खोकला बराच कमी होता.

“म्हणजे पहिला रिपोर्ट खोटा,” तो म्हणाला.

“व्हय.”

“मग आता काढाल तो खरा कशावरून?”

प्रश्न रास्त होता आणि शरणम्माला तो लागला. “ते मला आत्ताच सांगता येत न्हाय,” ती म्हणाली. “तुज्या रक्तात ते असंल तर दिसंल. नसंल तर न्हाय दिसनार, आनि मग मी तसंच लिवीन. पर ह्या खेपंला गार करनार न्हाय, एवडं सांगते.”

 हरिदास सदऱ्याची बाही वर करून खाली बसला. शरणम्मानं सांगितल्याप्रमाणे येसूबाईनं तांब्याभर ऊन पाणी आणून दिलं. शरणम्मानं त्यात सुई आणि नळी ऊन करून घेतली आणि रक्त काढलं. हरिदासला सुई कळली नाही. नळीला रबरी बूच लावून ती कापसात गुंडाळून झाली. आता ती ठेवायची कुठं, हा प्रश्न आला. कनवटीला ठेवली तर एस.टी.च्या गर्दीत फुटणार. हातात धरली तर तासभर सारखी ऊब राहीलच असं नाही. पोलक्यात छातीशी ठेवावी तर तिथं लिंगाची डबी.

त्या क्षणी तिला नीलम्मा आठवली, मागच्या दारची बादली आठवली आणि स्वतःचा नियमही आठवला. सकाळची आंघोळ झालेली होती, पण आता हात रक्ताचे होते. किती वेळ गेला कोण जाणे, फार गेला नसावा. तिनं नळी डबीला लागून आत सरकवली, पदर घट्ट खोचला आणि येसूबाईनं दिलेला चहा उभ्याउभ्या पिऊन ती स्टँडवर गेली.

एस.टी.त ती एक हात छातीवर धरूनच बसली होती. शेजारच्या बाईनं दोनदा बघितलं आणि विचारलं, “छातीत दुकतंय का वो?”

“न्हाय. रक्त हाय.”

“कुनाचं?”

“हाय एकाचं.”

ती बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली.

लॅबोरेटरीत पोचल्यावर शरणम्मानं करंडीकडे बघितलंही नाही. नळी कोमट पाण्यात ठेवली, सिरम वेगळं केलं, आपल्या दंडातून रक्त काढून पेशी धुतल्या आणि नळ्या भरून फ्रीजमध्ये ठेवल्या. डॉक्टरांचे पहिले आंबे आलेले होते. ते तिनं बाहेर काढून टेबलावर ठेवले.

सोमवारी सकाळी डॉक्टर आल्याशिवाय तिनं फ्रीज उघडला नाही. तिला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा वाटत नव्हता. तिला त्या नळ्यांत गुठळ्या फार हव्या होत्या, आणि ज्याला एखादी गोष्ट फार हवी असते त्याला ती दिसू लागते. डॉक्टरांनीच एकेक नळी उजेडाकडे धरली. बत्तीस. चौसष्ट. एकशे अठ्ठावीस. त्याच्या पुढची कोरी होती. शरणम्मानं एकशे अठ्ठावीसची नळी मागून घेतली, डाव्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटली. पूजेच्या वेळी मिटायची तशी. जराशानं मूठ उघडली तेव्हा गुठळी विरघळून पेशी मोकळ्या झालेल्या होत्या. म्हणजे तेच द्रव्य, शंका नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते डॉक्टरांपासून लपवलंही नाही.

डॉक्टरांनी नव्या रिपोर्टवर सही केली. तेवढं ते सचोटीचे होते.

मंगळवारी हरिदास तो रिपोर्ट घेऊन साहेबांकडे गेला आणि दोन तासांत परत आला. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. एकाच लॅबोरेटरीचे दोन रिपोर्ट, एकाच माणसाचे, सोळा दिवसांच्या अंतरानं. एकात आठ आणि एकात एकशे अठ्ठावीस. ह्यातला कोणता धरायचा आणि का, ते लेखी आणा. नव्या एक्स-रेत डाग उतरतोय, कागद आला तर पात्र म्हणून लिहितो.

कुमठेकर मान हलवू लागले. “माझ्या सहीच्या रिपोर्टला मीच खोटं म्हणू? उद्या सोलापुरातला एक डॉक्टर माझ्याकडे रक्त पाठवायचा नाही. नवा रिपोर्ट दिलाय मी. त्यापुढं माझ्यानं होणार नाही.”

हरिदास बाकावर बसून राहिला. तीस तारखेला आठ दिवस उरले होते.

“मी लिवते,” शरणम्मा म्हणाली.

“तू कोण लिहिणार?” डॉक्टर म्हणाले. त्यात कुत्सितपणा नव्हता, त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. “लॅबोरेटरीत तुझं पद काय?”

“काय न्हाय. रक्त ठेवनारी मी हाय. तेच लिवते.”

डॉक्टरांनी खांदे उडवले. शरणम्माला मराठी वाचता यायचं, लिहायला वेळ लागायचा. म्हणून तिनं सांगितलं आणि हरिदासनं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं. स्वतःच्या नोकरीचा कागद दुसऱ्याच्या चुकीच्या कबुलीतून लिहायची पाळी त्याच्यावर आली होती. कागदावर असं होतं: दिनांक चार एप्रिल रोजी घेतलेलं रक्त सिरम वेगळं करण्यापूर्वी मी बर्फाच्या करंडीत ठेवलं. तसं ठेवू नये असा नियम आहे. त्यामुळे आकडा चुकीचा आला. दुसऱ्या वेळी रक्त अंगाच्या उबेत ठेवलं, तो आकडा बरोबर आहे. चूक माझी आहे. आणि खाली शरणम्मानं एकेक अक्षर जपून काढत सही केली.

जाण्यापूर्वी डॉक्टरांनी तो कागद मागितला. दोनदा वाचला. मग हरिदास बाहेर गेल्यावर हळूच म्हणाले, “विलायतेतल्या थंडीचं मी बोललो होतो. ते तू घातलं नाहीस.”

“तुमी बोललात,” शरणम्मा म्हणाली. “पर करंडी माजी हुती की.”

डॉक्टरांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. पेन बाहेर काढलं, टोपण उघडलं, कागदाच्या तळाशी बोटभर कोरी जागा होती तिथं थोडा वेळ बघितलं. मग टोपण लावून पेन खिशात ठेवलं आणि कागदाची घडी तिच्या हातात दिली. माणूस वाईट नव्हता. पण असल्या वेळी मागं सरणाऱ्या चांगल्या माणसांचा मला फार संताप येतो, आणि तो इथं लिहून टाकलेला बरा.

हरिदास एकोणतीस तारखेला हजर झाला. येसूबाईनं ती वेगळी ताटली पुन्हा इतर भांड्यांत मिसळली.

उरलेल्या दहा जणांकडे शरणम्मा रविवारी-रविवारी जाऊन आली. दोघं गाव सोडून गेले होते. एक म्हातारा आदल्या वर्षीच्या आषाढातच गेला होता, आणि कशानं ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. करकंबच्या एका बाईला नवऱ्यानं टीबी म्हणून माहेरी धाडलं होतं, ती अजून तिथंच होती. त्यांच्या रक्तातलं ते द्रव्य केव्हाच विरून गेलं होतं, त्यामुळे आता काही सिद्ध करायची सोय नव्हती. शरणम्मानं सगळीकडे एवढंच सांगितलं, आमच्या रिपोर्टवर विसंबू नका, तो चुकलेला होता. काहींनी शिव्या दिल्या. त्या तिनं ऐकून घेतल्या. करकंबच्या बाईच्या नवऱ्याकडे ती दोनदा गेली. त्यानं दार उघडलं नाही.

करंडी लॅबोरेटरीत राहिली, इतर रक्तांसाठी. मागच्या दारी बादली चालू राहिली. फक्त सकाळी पूजेआधी डबी पुसताना शरणम्मा आता पूर्वीपेक्षा जरा जास्त वेळ लावायची, असं नीलम्माला वाटायचं. तिनं कधी कारण विचारलं नाही.

७९ साली डॉक्टरांनी डिप्लोमा झालेला माणूस घेतला आणि शरणम्मा हळूहळू पुन्हा बाटल्यांकडे आली. त्याच वर्षी एका संध्याकाळी हरिदास पेढे घेऊन आला. त्याला मुलगी झाली होती. बोलता बोलता तो म्हणाला, “बाई, माझी बदली झाली. आता आस्थापनेत आहे, सगळ्यांच्या सर्व्हिस फायली माझ्याच ताब्यात असतात. परवा माझी स्वतःची चाळली. तुमचा तो कागद अजून आहे तिथं.”

“असंल की.”

“कायम झालो मी, आता त्याची गरज नाही. तुमचं नाव उगीच तसल्या गोष्टीखाली राहिलंय. काढून टाकू का? कुणाला कळायचंही नाही.”

शरणम्मा बाटली घासत होती. तिनं ती विसळली, उजेडाकडे धरून बघितली, पालथी ठेवली. तेवीस वर्षांत तिच्या हातून किती हजार रिपोर्ट गेले असतील, त्याची मोजदाद कुणी केली नव्हती. त्या सगळ्यांवर डॉक्टरांची सही होती.

“नगं,” ती म्हणाली. “राहू दे. तेवडा एकच कागद माज्या सहीचा हाय.”

मग तिनं हात पुसले आणि पेढा घेतला.